परसातली उडी

मी आयुष्यात उडी अशी कधी मारली नाही. शाळेत लांब उडीच्या वेळी माझ्या पायात गोळा येई आणि उंच उडीच्या वेळी पोटात. दहावीनंतर सायन्सला जायची उडी मारावी असे एकदा मनात आले होते; पण वडील म्हणाले, ‘‘कॉमर्स बरं. कुठंही चिकटता येतं.’’ मी चिकटलो. बँकेत गेली २२ वर्षे क्लार्क आहे. प्रमोशनचा फॉर्म तीनदा आला आणि तिन्ही वेळा मी तो ड्रॉवरमध्ये ठेवला; कारण प्रमोशन झाले की बदली होते, बदली झाली की घर सांभाळायला सासूबाई येतात, आणि एकदा आलेल्या सासूबाईंची बदली होत नाही.

अशा माणसावर उड्यांचा इतिहास लिहायची पाळी यावी, याला कारण माझा भाचा.

गेल्या उन्हाळ्यात साठलेली रजा एकदम काढून मी तीन आठवडे ताईकडे अमेरिकेला गेलो होतो. ताई कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला राहते. पहिल्या दिवशी पहाटे चारला जाग आली. तिकडे गेलेल्या प्रत्येक मराठी माणसाला पहाटे चारला जाग येते आणि तो उठून चहाचे भांडे शोधतो. उजाडल्यावर मागचे दार उघडून पाहतो तो काय, जिथे माणसाने तुळस लावावी, निदान कढीलिंब तरी लावावा, तिथे मातीचे दोन भलेमोठे ढिगारे एकमेकांकडे पाहत उभे!

‘‘ताई, गटार तुंबलंय का गं?’’ मी विचारले.

‘‘गटार नाही रे,’’ ताई कपाळाला हात लावून म्हणाली, ‘‘तुझा भाचा आहे.’’

ओंकार तेरा वर्षांचा. एका ढिगाऱ्यावरून सायकल वर न्यायची, हवेत सोडायची आणि दुसऱ्या ढिगाऱ्यावर उतरवायची, असा त्याचा कार्यक्रम. मागच्या वर्षी त्यात मनगट मोडून झाले होते. आणि आता त्यांच्या सोसायटीचे पत्र आले होते : मागील अंगणातील मातीचे ढिगारे १५ दिवसांत हटवावेत. सोसायटी ही संस्था पृथ्वीच्या पाठीवर कुठेही गेलात तरी सारखीच असते, फक्त लेटरहेडचा कागद बदलतो.

‘‘तू मामा आहेस. तू समजाव त्याला,’’ ताई म्हणाली. मग थोडा वेळ कुकरच्या शिट्टीकडे लक्ष असल्यासारखे करून हळूच म्हणाली, ‘‘पण कसं आहे, शाळा बदलल्यापासून हा खोलीतून बाहेरच येत नव्हता. वर्षभर दाराशी बोलत होते मी. माती आली तेव्हापासून निदान जेवायला येतो. ते ढीग ठेवले तर हाडं मोडतील, काढले तर पुन्हा दार बंद. तूच सांग, काय करू?’’

श्रीकांतरावांनी पेपर वर धरला. गृहस्थाने अशा वेळी पेपरच वर धरावा.

मी समजावायला म्हणून मागे गेलो. ओंकारने माझे बोलणे सुरू होण्यापूर्वीच माझ्या हातात फावडे दिले. ‘‘मामा, नो डिग, नो राईड,’’ तो म्हणाला. खणणार नाही त्याने उडवू नये. हा त्यांच्या पंथाचा महामंत्र. म्हणजे मला सायकल उडवायची आहे असे त्याने गृहीत धरले होते. इतका मोठा विश्वास माझ्यावर आजवर आमच्या मॅनेजरनेही टाकला नव्हता. मी खणू लागलो.

खणताखणता तो जे बोलला ते मी संध्याकाळी तिथल्या लायब्ररीत जाऊन तपासून घेतले. बँकेतल्या माणसाला व्हाउचरशिवाय झोप लागत नाही. त्यातून जो इतिहास निघाला तो असा.

सगळ्याचे मूळ, बहुतेक भानगडींप्रमाणे, इंग्लंडात आहे. १९२४ साली सरे परगण्यात कॅम्बर्ली इथे काही मोटरसायकलवाल्यांनी शर्यत ठरवली. तोवर माळरानावरच्या चढाओढीत कोण कसे चालवतो याचे गुण देत. हे म्हणाले, गुणबिण काही नको, जो आधी पोचेल तो जिंकला. तेव्हा त्या खेळाच्या वरिष्ठ मंडळाने हरकत घेतली, की मग याला ‘ट्रायल’ म्हणता यायचे नाही. नाव तर हवे! शेवटी ‘स्क्रॅम्बल’ ठरले. स्क्रॅम्बल म्हणजे आपल्या भाषेत झोंबाझोंबी. एसटीच्या दाराशी दिवाळीत चालते ती. पुढे हा खेळ फ्रेंच लोकांकडे गेला आणि त्यांनी त्याला मोटोक्रॉस असे बाळसेदार नाव ठेवले. १९६६ साली एडिसन डाय नावाच्या मोटरसायकल विक्रेत्याने टॉर्स्टन हॉलमन हा स्वीडनचा जगज्जेता अमेरिकेत आणून फिरवला. कॅलिफोर्नियाच्या टेकड्यांवर त्याची गाडी उडताना मोठ्यांनी पाहिली, तशी ती पोरांनीही पाहिली.

आता पोरांकडे मोटरसायकल कुठली? पण सायकल होती. शिकागोच्या श्विन कंपनीतल्या अल फ्रिट्झ या माणसाच्या कानावर आले होते, की कॅलिफोर्नियातली पोरे छोट्या सायकलींना उंच हँडले लावून हिंडतात. त्याने १९६३ साली तशीच सायकल काढली. नाव ‘स्टिंग-रे’, वीस इंची चाके, केळ्यासारखी लांब सीट, किंमत ४९ डॉलर ९५ सेंट. हे ९५ सेंट कोणाच्या डोक्यातून निघाले ते कळले नाही, पण तो माणूस कॉमर्सचाच असणार. या सायकलीवर बसायचे, तोंडाने फर्रर्र आवाज काढायचा, की झाली मोटरसायकल! यात मला काही नवल वाटले नाही. आम्हीही तासाला दोन रुपयांची भाड्याची सायकल आणून तिच्या आऱ्यांत पत्ता अडकवायचो आणि फटफटी चालवल्याच्या थाटात पेठेतून हिंडायचो. फक्त आमच्या सायकलीला उडवण्याची गरज नसे. रस्त्यातले खड्डे ते काम परभारे करीत.

पण या इतिहासात माझ्या मनात घर करून बसला तो एक तेरा वर्षांचा मुलगा. स्कॉट ब्राइटहाउप्ट त्याचे नाव. ताईच्या घरापासून मोटारीने फार लांब नसलेल्या लाँग बीच शहरात, सातवा रस्ता आणि बेलफ्लॉवर रस्ता मिळतात तिथे, एक मोकळे मैदान होते. स्कॉट तिथे खरी मोटरसायकल चालवायचा सराव करी. त्याला पाहून आसपासची पोरे आपापल्या स्टिंग-रे घेऊन त्याच उंचवट्यांवरून उड्या मारू लागली. १९७० च्या नोव्हेंबरात त्याने या पोरांची शर्यत ठेवली. प्रवेश फी माणशी २५ सेंट. पोरे आली ३५.

इथे माझे फावडे थांबले आणि बोटे आपोआप हवेत चालू लागली. पस्तीस गुणिले पंचवीस सेंट, एकूण जमा ८ डॉलर ७५ सेंट. खर्चाच्या बाजूला बक्षिसे. ती कुठून आणली? तर त्या मुलाने स्वतः मोटरसायकलच्या शर्यतींत मिळवलेले करंडक घरून आणून वाटले! पुढच्या खेपेला दीडशे पोरे हजर. याने नियम लिहिले, गट पाडले आणि संघटना काढली. तिच्या नावाच्या आद्याक्षरांचा शब्द होई ‘बम्स’, म्हणजे उडाणटप्पू. बीएमएक्स या खेळाचा जन्म सांगताना लोक हीच गोष्ट सांगतात. काही जण मात्र त्याच सुमाराच्या, लॉस एंजेलिसच्या पाम्स पार्कमधल्या शर्यतींकडे बोट दाखवतात. तिथेही पार्कात कामाला असलेल्या रॉन मॅकलर या तरुणाने पोरांना शर्यत आखून दिली होती. जन्मतारखेवरून वाद नसेल तर तो इतिहास कसला? पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच : खेळाला पैसा कमी आणि माती मुबलक. १९७१ साली ब्रूस ब्राउन यांचा ‘ऑन एनी संडे’ हा माहितीपट आला. तो मोटरसायकलींचा, पण त्याच्या सुरुवातीला पोरे सायकली उडवताना दिसतात. तेवढे पुरले. गावोगावच्या मोकळ्या प्लॉटांवर फावडी पोचली, आणि मोकळा प्लॉट ज्याला मिळाला नाही त्याने घराचे परस खणले.

‘‘मामा, तू खणत नाहीयेस,’’ ओंकार म्हणाला.

खणण्यातही शास्त्र आहे. मला वाटत होते, माती म्हणजे माती. ओंकारने दाखवले : वरची गवतामुळांची भुसभुशीत माती ढिगाऱ्याच्या पोटात घालायची, कारण ती बसते, खचते, तिच्यावर चाकांचा भार सोपवायचा नाही. बाहेरून कवच घालायचे ते खालच्या चिकणमातीचे. एक थर घालायचा, पाणी मारायचे, फावड्याच्या पाठीने किंवा धुम्मसाने चोपायचे, की पुढचा थर. आपल्याकडे सरकारी रस्ता यातले फक्त पहिले कलम पाळून करतात.

पहिल्या ढिगाऱ्यावरून सायकल वर फेकली जाते; त्याच्या टोकाला लिप म्हणतात. दुसऱ्याच्या उतारावर ती उतरते; ते लँडिंग. दोन्हींच्या मध्ये खड्डा ठेवला तर तो डबल, आणि मधली जागा भरून काढली तर टेबलटॉप. पाहणाऱ्याचे सगळे लक्ष लिपकडे असते. बांधणारा जीव टाकतो तो लँडिंगवर. हवेतून खाली येणारी सायकल तिरकी येते. तिला त्याच तिरक्या अंगाचा उतार मिळाला तर ती पाण्यावरून बदक सरकावे तशी सरकते. सपाट जमीन मिळाली तर सगळा हिशेब मणक्यात चुकता होतो. १९६७ च्या ३१ डिसेंबरला एव्हेल निव्हेल या अचाट माणसाने लास व्हेगासला सीझर्स पॅलेस हॉटेलच्या कारंज्यांवरून मोटरसायकल उडवली. सुमारे १४० फूट उडाला. पण उतरण थोडक्यात हुकली आणि हाडांचा चुराडा झाला. जगाला त्याची उडी आठवते, हॉस्पिटलला लँडिंग आठवत असणार. हे ओंकारने मोडलेले मनगट चोळतचोळत सांगितले, आणि मागच्या वर्षी आपले लँडिंग आखूड होते हेही सांगितले. ते त्याने आईला सांगितले नव्हते.

‘‘का नाही सांगितलंस?’’

‘‘ती म्हणेल, बघ, मी म्हटलं होतं.’’

मुलगा अमेरिकेत जन्मला, तरी मराठी आईची पुरती पारख त्याला होती.

मातीला पाणी किती, हा या धंद्यातला सगळ्यात नाजूक प्रश्न. तिकडची हवा कोरडी. दोन दिवस पाणी चुकले की माती भेगाळते, लिपची कडा बिस्किटासारखी तुटते. जास्त झाले की चिखल, आणि ओल्या मातीवर सायकल घातली की चर पडतात. परीक्षा अशी : मूठभर माती दाबायची, गोळा टिकला तर बरोबर, भुगा झाला तर कोरडी, बोटांतून पाणी आले तर ओली. आम्ही मामा-भाचे हातात गोळे घेऊन वाद घालत होतो, तेवढ्यात ताई तांदूळ धुतलेले पाणी कढीलिंबाच्या कुंडीत ओतायला बाहेर आली. (कढीलिंब होता, कुंडीत.) तिने थोडा वेळ ऐकले, मग पुढे येऊन चिमूटभर माती बोटांत चोळली आणि म्हणाली, ‘‘कोरडं आहे. लाडू फुटेल. अजून शिंपडा.’’ आणि पातेल्यातले पाणी कुंडीऐवजी लिपवर ओतून ती आत गेली.

ओंकार तिच्याकडे पाहतच राहिला. मीही. घरात अशा घटनांची तारीख कोणी लिहून ठेवत नाही, म्हणून मी इथे लिहितो : मंगळवार होता.

पुढचा इतिहास भराभर सांगतो, कारण पुढे तो श्रीमंत होतो आणि श्रीमंतांचा इतिहास सगळीकडे छापलेला असतो. १९७२ साली लॉस एंजेलिसच्या कोलिझियम स्टेडियममध्येच माती आणून मोटरसायकलींची शर्यत झाली. ती मार्टी ट्राइप्स नावाच्या सोळा वर्षांच्या पोराने जिंकली. १९८२ साली ‘ई. टी.’ चित्रपटात पोरांच्या बीएमएक्स सायकली आकाशात उडाल्या आणि जगभरच्या पोरांनी बापामागे लकडा लावला. त्यात उडण्यासाठी परग्रहावरचा पाहुणा लागला; लाँग बीचला फावड्यात भागले होते. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये बीएमएक्सची शर्यत आली. २०२१ मध्ये भरलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये कसरतींची बीएमएक्सही आली आणि पुरुषांतले पहिले सुवर्णपदक ऑस्ट्रेलियाच्या लोगन मार्टिनने नेले. महामारीत बाहेरची मैदाने बंद झाली, तेव्हा या गृहस्थाने सराव कुठे केला? घराच्या मागे! त्याने परसातच उड्यांचे मैदान बांधून घेतले होते. मातीचे नव्हे, पण परसातलेच. म्हणजे गाडी फिरून पुन्हा मागच्या दाराशी आली.

पण मला पदकांपेक्षा जास्त कळले ते एका रविवारी, ओंकारने मला कोस्टा मेसा इथे ‘शीप हिल्स’ दाखवायला नेले तेव्हा. नव्वदच्या दशकात तिथे रानात पोरांनी हातांनी उड्या रचल्या, आणि तिथल्या मातीतून नामांकित खेळाडू निघाले. अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, पेनसिल्व्हेनियात बेथलेहेमजवळच्या रानातही अशीच जुनी मातीची ठाणी आहेत. त्यांचा रिवाज सगळीकडे एक : पाऊस झाला की कोणी सायकल घालायची नाही, आधी चर बुजवायचे, ऊन पडले की पाणी मारायचे, आणि नव्याने येणाऱ्याने आधी फावडे धरायचे. कुठे पालिका एखाद्या दिवशी बुलडोझर आणून सारे सपाट करते. पोरे आठवडाभर सुतक पाळतात आणि दुसरीकडे खणू लागतात.

परत येताना मोटारीत माझ्या लक्षात आले, की उडी दोन सेकंदांची असते. ती टिकते त्या आधीच्या पंधरा दिवसांच्या चोपण्यावर. उडणाऱ्याचे फोटो निघतात. चोपणाऱ्याचे नाव कुणालाच माहीत नसते. संध्याकाळी कॅश जुळवत बसणाऱ्या माणसाला याहून जवळचा खेळ कुठला असणार?

राहिले सोसायटीचे पत्र. समजावायला गेलेला मामा आता अर्जदाराच्या बाजूला जाऊन बसला होता. आयुष्यात मला एकच कला येते, ती म्हणजे अर्ज. मी श्रीकांतरावांच्या टेबलाशी बसून मराठीतून मसुदा केला : विषय, संदर्भ, उपरोक्त विषयास अनुसरून, वगैरे. श्रीकांतरावांनी पेपर खाली ठेवून त्याचे इंग्रजी केले. उंची तीन फुटांवर जाणार नाही. कुंपणापासून सहा फूट अंतर. धूळ उडू नये म्हणून रोज पाणी. वापर नसताना ताडपत्री. हेल्मेटाशिवाय आणि मोठे माणूस हजर असल्याशिवाय वापर नाही. सही, पालक.

ओंकारने वाचले आणि त्याचा चेहरा पडला. त्याचा डबल साडेचार फुटांचा होता. ‘‘तीन फूट? मग तो डबल राहणारच नाही. टेबलटॉप करावा लागेल. टेबलटॉप बेबीजसाठी असतो, मामा.’’ आणि खोलीचे दार बंद झाले.

त्या रात्री ताई माझ्याकडे पाहत नव्हती. मीही पहाटे चारला उठून चहा केला नाही. उजाडल्यावर परसात आवाज आला म्हणून पाहिले, तर ओंकार एकटाच फावड्याने ढिगाऱ्यांची डोकी छाटत होता आणि ती माती मधल्या खड्ड्यात टाकत होता. आपण वर्षभर बांधलेले आपणच छाटायचे म्हणजे काय, ते मला विचारा. मी मुकाट्याने धुम्मस घेतला. दुपारी श्रीकांतराव बनियनवर बाहेर आले. चार दिवस लागले. वरून काढलेल्या मातीने खड्डा बरोबर भरला. एक घमेले उरले नाही, एक कमी पडले नाही. माती टॅली झाली! मी इतका आनंदाने ओरडलो, की शेजारीण कुंपणावरून डोकावली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी ओंकार त्या टेबलटॉपवरून उडाला. ताई जवळ उभी होती. तिने डोळे मिटले होते, पण ती आत गेली नाही. चाके उतारावर लागली तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. ‘‘लँडिंग लांब केलं आम्ही,’’ ओंकार तिला म्हणाला. ‘‘मागच्या वर्षी शॉर्ट होतं.’’ ताईने तोंड उघडले. ‘बघ, मी म्हटलं होतं’ हे शब्द दातांपर्यंत आलेले मला स्पष्ट दिसले. तिने ते गिळले आणि म्हणाली, ‘‘कडेला पाणी कमी पडलंय.’’

मग माझी पाळी. खणला होता, तेव्हा उडवणे भाग होते. मी हेल्मेट चढवले, रामाचे नाव घेतले आणि पेडल मारले. माझी चाके जमिनीपासून चार बोटे सुटली, असे ओंकारचे म्हणणे. श्रीकांतरावांच्या मते दोन. सरासरी तीन बोटे धरून मी विषय मिटवला.

सोसायटीने नव्वद दिवसांची मुदत दिली, आणि पुढे तक्रार न आल्यास पुन्हा विचार करू असे कळवले. हे मला इथे परत आल्यावर समजले. मध्यंतरी डिसेंबरात एकदा बँकेत दुपारी मोबाईलवर निरोप आला. तिकडे मध्यरात्र असणार. रोमन लिपीतले मराठी होते, ते लावायला जरा वेळ गेला : ‘‘मामा, पाऊस आला. आई आणि मी ताडपत्री घालून आलो. दोघंही भिजलो.’’

काउंटरवर लांब रांग होती आणि सर्व्हर डाऊन होता. तरी त्या दिवशी आमची कॅश पहिल्या फटक्यात जुळली.